जिममधला पॉवर योगा पहिल्यांदा करताय? क्लास निवडण्यापासून चतुरंगपर्यंत सगळं

जिमच्या टाइमटेबलवर झुंबा, स्पिनिंग, फंक्शनलच्या रांगेत कुठेतरी 'पॉवर योगा' नाहीतर 'विन्यास फ्लो' लिहिलेलं असतं. वेट्स करणारी बरीच मंडळी ते वाचून पुढे निघून जातात, कारण डोक्यात पक्कं बसलंय की योगा म्हणजे डोळे मिटून बसायचं, ते रिटायर झाल्यावर बघू. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि वर्षानुवर्षं घरी शांतपणे आसनं करतायत पण जिममधल्या त्या फास्ट क्लासला बिचकतात, त्यांच्यासाठीसुद्धा आहे. मला मनापासून वाटतं की वेट्स करणाऱ्या प्रत्येकाने हा क्लास निदान दोन महिने करून बघावा, फक्त पहिला महिना स्पीडच्या मागे लागू नये. चतुरंग (पुशअपमध्ये अर्ध्यावर थांबून शरीर हवेत आडवं धरायचं आसन) आणि श्वास या दोन गोष्टी आधी नीट शिकल्या की बाकीचा क्लास झेपायला लागतो. त्या न शिकता नुसतं बाकीच्यांबरोबर धावत राहिलात तर दोन-तीन महिन्यांत खांदा नाहीतर मनगट कुरकुरायला लागतं आणि मग लोक म्हणतात योगा आपल्याला सूट होत नाही.

हा प्रकार आला कुठून

पॉवर योगा हे नाव अमेरिकेतलं. १९९० च्या आसपास बेरिल बेंडर बर्च, ब्रायन केस्ट अशा तिकडच्या शिक्षकांनी ते रूढ केलं, पण मुळं म्हैसूरची. टी. कृष्णमाचार्य १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत तरुण मुलांना शिकवायचे. त्यांचे एक शिष्य के. पट्टाभि जोइस, त्यांनी अष्टांग विन्यास पद्धत पुढे नेली, म्हणजे श्वासाबरोबर एका आसनातून दुसऱ्यात जात राहायचं आणि क्रम ठरलेला. पॉवर योगात हाच साचा, पण क्रम ठरलेला नाही, शिक्षक आपल्या मनाने रचतो. त्याच गुरूंचे दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार, ते १९३७ मध्ये पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले, त्यांची पद्धत म्हणजे एका आसनात बराच वेळ थांबायचं, पट्टे-ठोकळे-खुर्च्या वापरायच्या, बारीक बारीक दुरुस्त्या करायच्या. पुण्यात बऱ्याच घरांत योगा म्हणजे हेच, म्हणून पॉवर योगाच्या क्लासमध्ये पहिल्यांदा गेलं की काहींना वाटतं हे काय चाललंय, एक आसन धड होत नाही तोवर दुसरं. पण घाम निघेपर्यंत नमस्कार घालणं आपल्याकडे काही नवीन नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९२० च्या दशकात सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून शाळाशाळांत नेला, तालमीत तर जोर-बैठकांबरोबर नमस्कार चालायचेच, आणि रथसप्तमीला १०८ नमस्कार घालणारे लोक आजही आपल्या ओळखीत असतात. तुम्ही त्यातले असाल तर या क्लासचं निम्मं काम तुमच्या अंगात आधीच आहे.

टाइमटेबलवर अजूनही नावं दिसतील. हठ म्हणजे सावकाश आणि थांबून थांबून. यिन म्हणजे जमिनीवर, तीन ते पाच मिनिटं एकाच ताणात. हॉट योगा म्हणजे तापवलेल्या खोलीत, त्यातला बिक्रमवाला प्रकार ९० मिनिटांचा, २६ आसनं आणि ४० अंशांच्या आसपास तापमान. पहिल्यांदाच करणाऱ्याने तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आधीच आपल्याकडे उन्हाळा कमी आहे का, आणि गरम खोलीत शरीर खोटं खोटं मोकळं वाटतं, गरजेपेक्षा जास्त ताणलं जातं. बॉडी बॅलन्स म्हणून क्लास असेल तर तो योगा, ताई ची आणि पिलाटे यांचं मिश्रण असतो, सुरुवातीला चांगला आहे पण ताकदीचं काम त्यात कमी.

जाण्याआधी स्वतःला विचारा

हे कंटाळवाणं वाटेल पण वगळू नका. बीपी जास्त असेल, काचबिंदू असेल, मणक्याची गादी सरकलेली असेल, वर्षभरात काही ऑपरेशन झालं असेल, चक्कर यायचा त्रास असेल किंवा प्रेग्नन्सी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना 'योगा करू का' असं विचारू नका कारण उत्तर 'हो हो, करा की' असंच येणार. 'डोकं खाली करून एक-एक मिनिट थांबावं लागतं, हातांवर पूर्ण वजन येतं, सारखं वाकायचं-उठायचं असतं, चालेल का' असं विचारा. काचबिंदूचं मुद्दाम सांगतोय, कारण डोकं खाली गेलं की डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि यात फक्त शीर्षासन येत नाही, साधं अधोमुख श्वानासन, म्हणजे सूर्यनमस्कारातलं पर्वतासनसुद्धा येतं, जे या क्लासमध्ये वीस-तीस वेळा होतं.

तब्येत ठणठणीत असेल तर एक छोटी टेस्ट घरीच करा. तीस सेकंद प्लँक, म्हणजे तळवे आणि चवड्यांवर फळीसारखं सरळ राहणं, कंबर न झोळता होतो का? गुडघे टेकवून पाच पुशअप्स, खाली जाताना सावकाश, होतात का? उकिडवं बसता येतं का? तीनही होत असतील तर बिनधास्त जा. होत नसतील तरी जा, पण बिगिनर लिहिलेल्या बॅचला.

क्लास आणि शिक्षक बघताना

बहुतेक जिम एक ट्रायल क्लास फुकट देतात, तो घ्याच, आणि शक्यतो आठवड्यातल्या ज्या वेळेला तुम्हाला कायम जायचंय त्याच वेळेचा घ्या कारण सकाळी सातचा शिक्षक आणि संध्याकाळी सातचा शिक्षक वेगळा असू शकतो आणि क्लासचं नाव तेच असलं तरी मामला पूर्ण बदलतो. सर्टिफिकेटबद्दल विचारायला लाजू नका. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाचं प्रमाणपत्र असतं, किंवा २०० तासांचा टीचर ट्रेनिंग कोर्स केलेला असतो, लोणावळ्याचं कैवल्यधाम, सांताक्रूझची योगा इन्स्टिट्यूट अशा जुन्या ठिकाणी शिकलेलेही बरेच असतात. पण कागदापेक्षा मी दोन गोष्टी बघतो. एक, शिक्षक स्वतः मॅटवरून उठून लोकांमध्ये फिरतो का, की पूर्ण तास आरशाकडे तोंड करून स्वतःचाच व्यायाम करतो. दोन, अवघड आसन सांगताना सोपा पर्याय आपणहून सांगतो का. हे दोन्ही करणारा शिक्षक मिळाला तर जिम थोडं लांब असलं तरी तिथेच जा.

क्लास सुरू व्हायच्या आधी शिक्षकाला जाऊन सांगा की मी पहिल्यांदा आलोय, आणि काही जुनं दुखणं असेल तर तेही. हात लावून आसन दुरुस्त करणं तुम्हाला नको असेल तर तेव्हाच सांगून ठेवा, बायकांनी तर जरूर सांगावं, यात काहीही वावगं नाही.

मॅट, कपडे, खाणं

जिममध्ये कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या जाड फोमच्या मॅट असतात ना, दहा-बारा एमएमच्या, त्या क्रंचेस मारायला ठीक आहेत पण या क्लासला नकोत. जाड मॅटवर हाताचा तळवा रुततो, मनगट अजून वाकतं, एका पायावर उभं राहिलं की घोटा डुगडुगतो, आणि घाम आला की हात पुढे सरकतो. चार ते सहा एमएमची, न घसरणारी स्वतःची मॅट घ्या. रबराची सगळ्यात जास्त पकड देते पण जड आणि महाग, टीपीईवाली (रबरासारखं हलकं प्लास्टिक) मधली. उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर नेहमीची १७३ सेंटीमीटरची मॅट तोकडी पडते, लांब मागा. गुडघे टेकताना दुखतात त्यांनी जाड मॅटच्या मागे न लागता टॉवेलची घडी गुडघ्याखाली घ्यावी.

टी-शर्ट ढगळ नको, डोकं खाली गेलं की तो तोंडावर येतो, खोचता येईल असा घाला. पाय उघडे, मोजेसुद्धा नाहीत. बऱ्याच जिममध्ये फ्लोअरवर बूट कंपल्सरी असतात म्हणून स्टुडिओच्या दारापर्यंत चपला-बूट आणि आत अनवाणी. एक छोटा नॅपकिन आणि पाणी. दोन योगा ब्लॉक स्टुडिओत असतील तर सुरुवातीलाच उचलून मॅटशेजारी ठेवा, मध्येच उठून आणायला वेळ मिळत नाही.

जेवण झाल्यावर निदान तीन तास तरी जाऊ द्या, कारण यात पिळायचं, वाकायचं, उलटं व्हायचं सगळं असतं आणि पोटातली मिसळ घशाशी येते. संध्याकाळी ऑफिसमधून थेट जाणार असाल तर तासभर आधी एक केळं नाहीतर दोन-चार खजूर पुरतात. सकाळच्या बॅचला पाणी पिऊन रिकाम्या पोटी गेलं तरी चालतं, डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र हे डॉक्टरांशी ठरवून घ्या.

आधी चार दिवस घरी

शाळेत शिकलेला सूर्यनमस्कार आठवा. नमस्कार, हात वर, खाली वाकणं, एक पाय मागे, दुसरा पाय मागे, मग गुडघे-छाती-कपाळ टेकवून साष्टांग, भुजंगासन, पर्वतासन, परत पाय पुढे. जिममधल्या क्लासमध्ये 'सूर्य ए' म्हणतात तो याच्यासारखाच आहे पण दोन फरक आहेत. एक पाय आधी, दुसरा नंतर असं लंजमध्ये, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून, थांबत नाहीत, दोन्ही पाय मागे नेऊन थेट प्लँक. आणि साष्टांगच्या जागी चतुरंग, म्हणजे शरीर जमिनीला न टेकवता हवेत आडवं धरायचं. सगळी मेहनत तिथेच आहे. 'सूर्य बी' मध्ये सुरुवातीला उत्कटासन येतं, खुर्चीत बसल्यासारखं, आणि मध्ये दोन्ही बाजूंनी वीरभद्रासन १, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय सरळ, हात वर.

आता हिशोब बघा. एका सूर्य ए मध्ये एक चतुरंग, एका सूर्य बी मध्ये तीन. तीन ए आणि तीन बी घातले की बारा चतुरंग झाले, आणि हा नुसता वॉर्मअप आहे. पुढे उभ्या आसनांत प्रत्येक बाजू झाली की शिक्षक म्हणतो 'विन्यास घ्या', म्हणजे अजून एक चतुरंग. तासाभरात पंचवीस-तीस सहज होतात. तुम्ही जिममध्ये तीस पुशअप्स चुकीच्या फॉर्ममध्ये, दमलेले असताना माराल का? म्हणून हे एक आसन आधी घरी शिकायचं.

चतुरंग, अगदी सावकाश

१. प्लँकमध्ये या. तळवे खांद्याच्या बरोबर खाली, बोटं पसरलेली, तर्जनी सरळ समोर. वजन मनगटाच्या टाचेवर टाकू नका, अंगठा आणि तर्जनीच्या मुळाशी जो फुगीर भाग आहे तो जमिनीत दाबा. नुसतं एवढं केलं तरी मनगटाचा अर्धा त्रास कमी होतो.

२. गुडघे टेकवा. हो, आधी गुडघे टेकवायचे, बेंच प्रेस कितीही होत असला तरी. कंबर वर राहता कामा नये, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत एक रेष.

३. खाली जायच्या आधी छाती थोडी पुढे सरकवा, खांदे मनगटाच्या किंचित पुढे येतील इतकी. गुडघे उचललेले असतील तेव्हा हेच चवड्यांवर पुढे सरकून करायचं. ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात आणि सरळ खाली जातात, मग कोपरं मनगटाच्या मागे जातात आणि खांदा पुढच्या बाजूने लोंबतो.

४. श्वास सोडत खाली या. कोपरं बरगड्यांना घासत मागे, बाहेर नाहीत. जिममध्ये चेस्टसाठी पुशअप मारताना आपण कोपरं थोडी बाहेर ठेवतो, इथे तसं नाही, इथे दंडाच्या मागचा भाग जास्त काम करतो.

५. थांबा कुठे? खांदे कोपरांच्या लेव्हलला आले की बस. त्याच्या खाली अजिबात नाही. हा एकच नियम पाळला तरी खांदा सलामत राहतो. जास्त खाली जाणं म्हणजे जास्त चांगलं असं इथे बिलकुल नाही, खाली गेलं की सगळा भार स्नायू सोडून खांद्याच्या पुढच्या भागावर, सांध्यावर येतो. सुरुवातीला अर्ध्यातच थांबलात तरी चालतं.

समजत नसेल कुठे थांबायचं तर छातीखाली उशी नाहीतर दोन ब्लॉक ठेवा आणि खांदे कोपराच्या उंचीला आले की छाती ब्लॉकला नुसती शिवेल अशी उंची जमवा. मोबाइल बाजूला जमिनीवर ठेवून व्हिडिओ काढा, समोरून नको, बाजूनेच, कारण कोपराचा काटकोन बाजूनेच दिसतो.

आमच्या जिममध्ये एक दांडगा मुलगा आहे, बेंचवर स्वतःच्या वजनाएवढं सहज मारतो. पहिल्या क्लासला तो प्रत्येक चतुरंगमध्ये छाती जमिनीला टेकवून वर उसळत होता आणि पंधराव्या मिनिटाला खांदा धरून बसला. मॅडमनी त्याला गुडघे टेकवायला लावले, उरलेला तास तसाच केला आणि पुढचे कित्येक क्लास तसाच. आता तो चवड्यांवर करतो आणि अगदी शांतपणे करतो, खाली येताना एवढासाही आवाज होत नाही. ताकद त्याच्याकडे आधीपासून होती, कुठे थांबायचं ते शिकायचं बाकी होतं.

चतुरंगनंतर छाती वर. क्लासमध्ये 'अपडॉग' म्हणतील, म्हणजे ऊर्ध्वमुख श्वानासन, त्यात फक्त तळवे आणि पावलांच्या वरच्या बाजू टेकलेल्या, मांड्या हवेत. सुरुवातीला ते न करता साधं भुजंगासन करा, कोपरं वाकलेली, कंबरेवर जोर नाही. मग श्वास सोडत मागे डाऊनडॉग, म्हणजे आपलं पर्वतासन. इथे गुडघे वाकवा! ज्यांनी वर्षानुवर्षं स्क्वॉट, डेडलिफ्ट, सायकलिंग केलंय त्यांचे मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात, टाचा टेकवायचा हट्ट केला की पाठीचं कुबड होतं आणि सगळा भार मनगटावर. गुडघे वाकलेले, पाठ लांब सरळ, बसायची हाडं छताकडे. टाचा वर्षभर टेकल्या नाहीत तरी काही बिघडत नाही.

श्वासाचं गणित

जिमवाल्यांचा गोंधळ इथे होतो आणि त्याला कारण आहे. बेंच प्रेसमध्ये खाली आणताना श्वास आत, ढकलताना बाहेर. चतुरंगमध्ये खाली येताना श्वास बाहेर. बरोबर उलटं. म्हणून पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत धाप लागते आणि लोकांना वाटतं स्टॅमिना कमी आहे, प्रत्यक्षात श्वास उलटा चाललेला असतो. सोपी खूण अशी की छाती उघडते, वर जाते तेव्हा आत, आणि शरीर वाकतं, खाली जातं, पोट आत जातं तेव्हा बाहेर. सूर्य ए त्यात असा बसतो: हात वर आत, वाकणं बाहेर, अर्धं वर बघणं आत, मागे जाऊन चतुरंग बाहेर, छाती वर आत, डाऊनडॉग बाहेर आणि तिथे पाच श्वास.

श्वास नाकानेच. घशातून हलकासा समुद्रासारखा आवाज येईल असा, त्याला उज्जायी म्हणतात, जमला तर उत्तम. आणि हाच तुमचा स्पीडचा काटा. तोंडाने धापा टाकायला लागलात किंवा श्वास धरून ठेवलात की समजायचं आपण आपल्या पलीकडे गेलोय, लगेच बालासनात, ज्याला तिथे चाइल्ड पोझ म्हणतात, गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीवर टेकायचं. कुणी बघत नाही आणि बघितलं तरी काय.

पहिल्या क्लासमध्ये काय काय होतं

दहा मिनिटं आधी पोचा. जागा मधल्या रांगेत, बाजूला घ्या. सगळ्यात मागे उभं राहू नका, कारण वळून आसन केलं की मागची रांग पुढची होते आणि समोर बघायला कुणीच नसतं. आणि आरशाच्या अगदी जवळही नको, डाऊनडॉगमध्ये मान वर करून आरशात बघायची सवय लागते आणि मान आखडते.

पहिली पाच-सात मिनिटं बसून श्वास, मान-खांदे मोकळे, मांजर-गाईसारखी पाठ वर-खाली. मग सूर्य ए आणि बी. यातच घाम सुटतो. पुढची वीस-पंचवीस मिनिटं उभी आसनं एकामागून एक: वीरभद्रासन १, २, पार्श्वकोणासन, त्रिकोणासन, एका पायावर तोल सांभाळायचं वृक्षासन किंवा वीरभद्रासन ३. वीरभद्रासन २ मध्ये पुढचा गुडघा आत पडू देऊ नका, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या दिशेला राहू दे, स्क्वॉटमध्ये ठेवता तसाच. मागच्या पावलाची बाहेरची कड जमिनीत दाबा, पुढच्या मांडीवरचा भार लगेच वाटला जातो. त्रिकोणासनात हात जमिनीला लावायला जाऊ नका, नडगीवर किंवा ब्लॉकवर ठेवा आणि छाती बाजूला उघडी ठेवा.

मग पोटाचं काम, नौकासन आणि त्याचे प्रकार, नंतर पाठीवर झोपून सेतुबंधासन, पिळाची आसनं, आणि शेवटी शवासन. मध्ये कधी शिक्षक बकासनासारखं हातांवर तोलायचं आसन किंवा शीर्षासन घेतो. पहिल्या महिन्यात शीर्षासन करू नका, कुणी आग्रह केला तरी नाही, मानेच्या बाबतीत 'बघू तरी' चालत नाही.

शवासन सोडून उठू नका. शेवटच्या पाच मिनिटांत जिमच्या स्टुडिओत हमखास चुळबुळ सुरू होते, बाहेर झुंबाची बॅच दारापाशी जमलेली असते, कुणाचा तरी फोन व्हायब्रेट होतो, दोघं-तिघं मॅट गुंडाळून निघतात. तुम्ही पडून राहा. तासभर जोरात पळालेला श्वास आणि ठोके इथे खाली येतात, आणि क्लासनंतर अंगात जी मोकळीक जाणवते ती बरीचशी या पाच मिनिटांची असते. खरंच घाई असेल तर दहा मिनिटं आधीच्या पिळाच्या आसनांच्या वेळी निघा, शवासनातून झटक्यात उठून पळू नका.

दुसऱ्या दिवशी दुखलं तर

बरगड्यांच्या बाजूला, दंडाच्या मागे, पार्श्वभागात, मांडीच्या आतल्या बाजूला जडपणा असेल तर छान, तिथेच काम झालं. तीन ठिकाणचं दुखणं मात्र वेगळं समजा. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचणारी कळ, म्हणजे चतुरंग फार खोल जातोय. मनगटात कळ, म्हणजे वजन तळव्याच्या टाचेवर. तळव्याच्या टाचेखाली नॅपकिनची घडी ठेवली की मनगट कमी वाकतं, किंवा प्लँक आणि चतुरंग षटकोनी डंबेल धरून करा, मनगट सरळ राहतं, मात्र गोल डंबेल घेऊ नका, ते गडगडतात. आणि तिसरं, बसतो त्या हाडाच्या अगदी खाली, मांडीच्या मुळाशी दुखणं. तिथे मांडीमागचा स्नायू हाडाला जोडलेला असतो, पाय ताठ ठेवून सारखं वाकत राहिलं की तो भाग चिडतो, आणि लोक नेमकं 'आखडलंय' समजून अजून ताणतात. तसं करू नका, वाकताना गुडघे वाकवा आणि दोन-तीन आठवडे खोल वाकणं बंद. तरी राहिलं तर फिजिओकडे.

आठवड्यात बसवायचं कसं

आठवड्यातून दोन क्लास पुरेत. चेस्ट-शोल्डरच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका, थकलेल्या खांद्यांनी तीस चतुरंग म्हणजे दुखापतीला आमंत्रण. लेग डेच्या दुसऱ्या दिवशी चालतं, वीरभद्रासनात मांड्या थरथरतील पण नंतर पाय मोकळे होतात. सगळ्यात बरं म्हणजे क्लासच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी किंवा बॅक डे, म्हणजे पाठीच्या व्यायामाचा दिवस.

बॅक डेचं मुद्दाम सांगतोय. या क्लासमध्ये ढकलायचं काम भरपूर आहे पण ओढायचं काम जवळजवळ शून्य, मॅटवर ओढायला काही नसतंच. म्हणून फक्त योगावर आलात आणि वेट्स सोडलेत तर रोइंग, पुलअप्स, लॅट पुलडाऊन यातलं काहीतरी आठवड्यातून दोनदा ठेवाच, नाहीतर खांदे पुढे येतात. डेडलिफ्टही सोडू नका, वजन वाढवत नेण्याची सोय योगात नाही.

वजन कमी करायला हा क्लास लावत असाल तर खरं ते सांगतो. पॉवर योगाची मेहनत शांत बसण्याच्या साधारण चार पट धरतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला तासाला २८० कॅलरीजच्या आसपास, भरभर चालण्याएवढंच. सावकाश हठ योगात ती अडीच पट. त्यामुळे पोट कमी करायचं काम मुख्यतः ताटातच होणार. इथून मिळतं ते वेगळं: स्क्वॉटमध्ये खाली जाताना घोटे-खुबे अडकत नाहीत, ओव्हरहेड प्रेसला हात कानाशेजारून सरळ जातो, एका पायावर उभं राहून मोजे घालता येतात, दमलेलं असताना श्वास हातात राहतो.

पहिले चार आठवडे असे घ्या. पहिला आठवडा एकच क्लास, सगळे चतुरंग गुडघ्यांवर, आणि घरी दोन दिवस प्रत्येकी तीन सावकाश सूर्य ए. दुसऱ्या आठवड्यात दोन क्लास, तसेच गुडघ्यांवर, लक्ष फक्त श्वासावर. तिसऱ्यात सुरुवातीचे चार-पाच चतुरंग चवड्यांवर, फॉर्म ढासळला की लगेच गुडघे. चौथ्यात परत बाजूने व्हिडिओ काढा आणि पहिल्या आठवड्यातल्याशी ताडून बघा: खांदे कोपराच्या खाली न जाता थांबतायत का, कंबर झोळतेय का, कोपरं बाहेर पळतायत का. तिन्ही ठीक असेल तर चवड्यांवरचे वाढवा. नसेल तर अजून एक महिना गुडघ्यांवर. आणि तो व्हिडिओ शिक्षकाला क्लासनंतर दाखवा, पंचवीस जणांच्या गर्दीत जे त्यांच्या नजरेतून सुटलं ते अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत त्यांना लगेच दिसतं.